द्रौपदीच्या तोंडचे ते वाक्य

द्रौपदीचे स्वयंवर म्हटले की बहुतेकांना आधी कर्ण आठवतो. त्याने धनुष्य सज्ज केले, नेम धरला, आणि तेवढ्यात द्रौपदीने भरसभेत सूतपुत्राला वरायला नकार दिला. या एका नकारावर पुढचे सारे वैर उभे करायची आपल्याला सवय झाली आहे. शिवाजी सावंतांच्या ‘मृत्युंजय’ने (1967) कर्ण, कुंती, दुर्योधन, वृषाली, शोण आणि कृष्ण यांना आपापल्या तोंडून बोलते केले, आणि महाभारत अनेक बाजूंनी ऐकण्याची गोडी मराठी वाचकाला लागली. हे ऋण मोठे आहे. पण या सहा जणांत द्रौपदी नाही. माझे म्हणणे असे की स्वयंवर पुन्हा सांगायचे असेल तर आता तिच्या बाजूने सांगावे, आणि त्यासाठी ते प्रसिद्ध वाक्य आधी बाजूला ठेवावे.

त्याला आधार पुण्याचाच आहे. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने 1919 साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले आणि ते 1966 साली पुरे झाले. विष्णु सीताराम सुकथनकरांनी संपादित केलेले आदिपर्व 1933 साली पूर्ण झाले. निरनिराळ्या लिपींतली हस्तलिखिते ताडून पाहिल्यावर द्रौपदीचा तो नकार मुख्य संहितेत टिकला नाही. काही हस्तलिखितांतली भर म्हणून तो तळटीपेत गेला. मुख्य संहितेत अर्जुन उठतो तेव्हा कर्ण, शल्य यांच्यासारख्यांनाही जे धनुष्य वाकवता आले नाही ते हा ब्राह्मण काय वाकवणार, अशी कुजबुज ब्राह्मणांत होते. म्हणजे कर्ण हरला तो धनुष्यापुढे. तेलातले प्रतिबिंब पाहून माशाचा डोळा फोडणेही तिथे नाही. आहे ते एक यंत्र, त्याचे छिद्र, त्यातून पाच बाणांनी वेधायचे लक्ष्य.

एवढे दूर केले की सभा निराळी दिसू लागते. मुलगी अर्जुनाला द्यावी हे द्रुपदाच्या मनात आधीपासून आहे. ते तो कुणाला सांगत नाही, पण धनुष्य मात्र मुद्दाम तसले दणकट करवून घेतो. धृष्टद्युम्न बहिणीला जमलेल्या राजांची नावे ऐकवतो आणि लक्ष्य वेधणाऱ्याला वर, असे सांगतो. कृष्ण वेषांतरातले पांडव ओळखतो आणि बलरामापाशीच बोलतो. हरलेले राजे खवळतात, स्वयंवर हे क्षत्रियांचे असते, ब्राह्मणाला हा अधिकार कुठला, असे म्हणून द्रुपदावर धावून जातात. प्रत्येकाला काहीतरी ठाऊक आहे, प्रत्येकाचा काही हेतू आहे. जिच्यासाठी सभा भरली तिला मात्र समोरचा जिंकणारा ब्राह्मण कोण हेही माहीत नाही.

यावर कुणी म्हणेल की पूर्वीच्या श्रोत्यांनी ते वाक्य पिढ्यानुपिढ्या मानले, तेही परंपरेचाच भाग आहे. मान्य. पण भर घालणाऱ्याने तिला बोलायला दिले ते फक्त दुसऱ्याला हिणवण्यासाठी, हे विसरता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: ती हसऱ्या चेहऱ्याने शुभ्र माळ घेऊन अर्जुनाकडे गेली, हे तर मुख्य संहितेतच आहे, मग तिची इच्छा नव्हती असे कसे म्हणावे? तसे मी म्हणतही नाही. ते हसू खरे असेल. मात्र पण आधीच बांधलेला होता, आणि पणाबाहेर ती कुणाकडे जाऊ शकली असती, याचे उत्तर त्या हसण्यातून मिळत नाही.

वधूला बोलू देणारी कथा आपल्याला नवी नाही. गोदेकाठच्या पैठणच्या एकनाथांनी 1571 साली ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले. तिथे रुक्मिणी स्वतः पत्र लिहून कृष्णाला बोलावते. लग्न जुळावे म्हणून मुलींनी ही पोथी वाचायची चाल महाराष्ट्रात रुजली, यात नवल नाही. द्रौपदीच्या वाट्याला असे पत्र आले नाही. उलट, कुंतीने न पाहता भिक्षा वाटून घ्या म्हटल्यावर पाच जणांशी एकीचे लग्न धर्माला धरून आहे का, याचा खल झाला, तेव्हा द्रुपद, धृष्टद्युम्न, युधिष्ठिर, कुंती आणि व्यास बोलले. द्रौपदीला कुणी विचारले नाही. तिची बाजू सांगू पाहणाऱ्या लेखकाने स्वयंवराच्या मंडपापेक्षा या बैठकीपाशी जास्त वेळ थांबावे.