पहिल्या पानाची हमी

थेरगाव, काळेवाडी, रहाटणी, चिंचवडगाव या पट्ट्यातल्या कोणत्याही छोट्या उद्योजकाला विचारा, एक फोन त्याला येऊन गेलेला असतोच. "सर, तुमची वेबसाइट तीन महिन्यांत गूगलच्या पहिल्या पानावर आणून देतो. हमखास." दरमहा काही हजार, वर्षाचे पैसे एकदम भरलेत तर सूट. ज्याच्या शेडमध्ये दोन लेथ आणि एक व्हीएमसी आहे, ज्याचं काम आजवर ओळखीपाळखीवर चाललं, त्याला हे आमिष मोठं वाटतं, कारण त्याची अडचण खरी आहे. चाकणच्या कारखान्यात पर्चेसला बसलेला तिशीतला इंजिनिअर नवा व्हेंडर आधी मोबाइलवर शोधतो. तिथे तुम्ही दिसला नाहीत तर त्याच्या लेखी तुम्ही नाहीच.

हमीपुरतं बोलायचं तर विषय एका वाक्यात संपतो. पहिल्या क्रमांकाची हमी कोणीही देऊ शकत नाही, असं गूगलनेच आपल्या मार्गदर्शनात लिहून ठेवलंय. प्रामाणिक काम करणाऱ्यालाही सुधारणा करून त्यांचा परिणाम दिसायला चार महिने ते वर्षभर लागू शकतं, असंही त्यांचंच सांगणं आहे. तरीही हमी विकली जाते आणि घेतलीही जाते, कारण आत नेमकं काय चालतं हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारत नाही.

आत चालतं ते असं. गूगलचा संगणकी हरकाम्या, ज्याला गूगलबॉट म्हणतात, एका पानावरच्या दुव्यावरून दुसऱ्या पानावर जात जगभरची पानं वाचत फिरतो. वाचलेल्यातली बरीच पानं सूचीत नोंदली जातात. आपण काही टाइप करतो तेव्हा गूगल त्या क्षणी इंटरनेट धुंडाळत नाही, ही सूची चाळतं आणि त्यातून क्रम लावतं. तेव्हा क्रमाची चिंता करण्याआधी आपलं पान सूचीत तरी आहे का, हे पाहायला हवं. अनेकदा नसतं. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये 'शोधयंत्रांनी ही साइट सूचीत घेऊ नये' अशा अर्थाची एक चौकट असते. साइट बनवणारा मुलगा काम चालू असताना तिथे टिचकी मारतो, साइट सुरू झाल्यावर काढायला विसरतो, आणि मालक मात्र वर्षभर डोमेनचे आणि होस्टिंगचे पैसे भरत राहतो. गूगलचं सर्च कन्सोल हे साधन फुकट आहे. कोणती पानं सूचीत आहेत, कोणती नाहीत आणि का, हे ते सांगतं. लोकांनी काय टाइप केलं म्हणून तुमचं पान दिसलं, ते शब्दही तिथे सापडतात. साइट बनवणाऱ्याकडून मालकाने आधी याचा ताबा आपल्या नावावर घ्यावा. अनेकांना ते साधन आहे हेच माहीत नसतं.

आता क्रमाकडे. १९९८ साली स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी गूगल सुरू केलं, तेव्हा त्यांची मूळ कल्पना आपल्याकडच्या कुठल्याही टर्नरला लगेच पटेल अशी होती. भोसरीत नवं काम कोणाकडे द्यायचं? चार जाणती माणसं ज्याचं नाव घेतात त्याच्याकडे. आणि त्या चौघांत ज्याच्या स्वतःच्या शब्दाला वजन आहे, त्याची शिफारस जास्त धरायची. एका संकेतस्थळाने दुसऱ्याकडे दुवा देणं म्हणजे अशी शिफारस, हे त्या दोघांनी गणितात बसवलं आणि त्याला पेजरँक नाव दिलं. आज क्रम लावताना गूगल असंख्य गोष्टी पाहतं, पण शिफारशीचं तत्त्व अजून कायम आहे.

शिफारशीला किंमत आली की खोट्या शिफारशींचा बाजारही भरतो. 'पाच हजारांत हजार बॅकलिंक' अशा जाहिराती याच बाजारातल्या. २०१२च्या एप्रिलमध्ये गूगलने पेंग्विन नावाचा बदल आणला तो असे विकतचे दुवे आणि शब्दांचा भडिमार करणाऱ्या पानांना खाली ढकलण्यासाठी. मोठ्यांचीही यातून सुटका झालेली नाही. २००६च्या फेब्रुवारीत बीएमडब्ल्यूचं जर्मन संकेतस्थळ गूगलने आपल्या निकालांतून काढून टाकलं होतं. कारण काय, तर शोधयंत्राला दाखवायला 'जुन्या गाड्या' या अर्थाचा शब्द ठासून भरलेली पानं वेगळी आणि येणाऱ्या गिऱ्हाइकाला दिसणारं पान वेगळं. चूक दुरुस्त केल्यावर काही दिवसांत त्यांना परत घेतलं. बीएमडब्ल्यूकडे माणसं होती, पैसा होता, नाव होतं. थेरगावातल्या शेडवाल्याचं पान असं एकदा खाली गेलं तर ते कशामुळे गेलं हे त्याला कळायलाच सहा महिने जातील.

खरा दोष मात्र या लबाडीत फार थोड्या ठिकाणी असतो. बहुतेक साइट साध्यासुध्या असतात आणि त्यांच्यावर काही लिहिलेलंच नसतं. या भागातल्या एखाद्या इंजिनिअरिंग वर्क्सची साइट उघडून बघा. वर सरकणारे तीन फोटो, त्यांतला पिवळी हेल्मेट घातलेला गोरा कामगार कुठल्यातरी फोटोविक्रीच्या साइटवरून उचललेला. खाली इंग्रजीत चार वाक्यं: आम्ही आघाडीचे उत्पादक आहोत, दर्जा हेच आमचं ब्रीद, ग्राहकाचं समाधान हेच आमचं ध्येय. ब्राउझरच्या वरच्या पट्टीत, जिथे पानाचं शीर्षक दिसतं, तिथे नुसतं 'होम'. कामांची यादी आहे, पण ती ब्रोशरचा फोटो काढून चिकटवलेली. गूगल फोटोतली अक्षरं कधी ओळखतंही, पण त्यावर मदार ठेवू नये. आणि तो फोटो मोबाइलवरून जसाच्या तसा, सहा-सात एमबीचा. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसला पाहिजे असं गूगलचं माप आहे. चाकणच्या शॉप फ्लोअरवर, रेंज जेमतेम असताना, हे पान उघडेपर्यंत शोधणारा मागे फिरून दुसऱ्याकडे गेलेला असतो.

'आघाडीचे उत्पादक' असं कोणी शोधत नाही. पर्चेसवाला शोधतो 'व्हीएमसी जॉबवर्क चिंचवड', 'हार्ड क्रोम प्लेटिंग भोसरी', 'एसएस ३०४ टर्निंग छोटी ऑर्डर पुणे'. मग पानावर हेच का नसावं? आमच्याकडे १०००×५०० मिलिमीटर टेबलची व्हीएमसी आहे. ईएन-८, ईएन-२४ आणि एसएस-३०४ मध्ये काम करतो. पन्नास नगांचीही ऑर्डर घेतो. सीएमएमचा तपासणी अहवाल सोबत देतो. ड्रॉइंग पाठवलंत तर दोन दिवसांत कोटेशन. एवढ्या पाच ओळींत शोधणाऱ्याला हवं ते सगळं आलं, आणि त्या लिहायला मालकाशिवाय कोणाची गरज नाही. एजन्सीतला मुलगा त्या लिहू शकत नाही, कारण त्याने ते यंत्र पाहिलेलं नाही. माझ्या मते या सगळ्या धंद्याची गोम इथेच आहे: जे फक्त मालकाला ठाऊक आहे ते तो लिहीत नाही आणि ज्याला काहीच ठाऊक नाही त्याला लिहायचे पैसे देतो.

अशा लिखाणाचा नमुना शोधायला लांब जायला नको. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०१३ साली, श्रीकर परदेशी आयुक्त असताना, 'सारथी' सुरू केली. हेल्पलाइन, संकेतस्थळ आणि पुस्तिका असा तो उपक्रम होता. त्यात खात्यांची थोरवी सांगितलेली नव्हती. नागरिक जे विचारतो ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं, अशी मांडणी होती. दाखला कुठे मिळेल, कोणती कागदपत्रं लागतील, किती दिवसांत मिळेल. ते काही गूगलसाठी केलेलं नव्हतं. पण शोधयंत्राला आवडणारं पान कसं असतं याचं याहून चांगलं उदाहरण मला या शहरात दिसत नाही. मंगल कार्यालयवाल्याने 'हॉलमध्ये किती पाट बसतात, पार्किंग किती, बाहेरचा केटरर चालतो का' हे लिहावं. ताथवड्याच्या कॉलेजांत नव्याने आलेल्या पोरांसाठी मेस चालवणाऱ्या ताईंनी महिन्याचा दर आणि रविवारी संध्याकाळी डबा असतो की नाही ते लिहावं.

दुकान, दवाखाना, मेस, क्लास यांच्या बाबतीत साइटपेक्षाही नकाशावरची नोंद मोलाची असते. तिचं आजचं नाव गूगल बिझनेस प्रोफाइल. तिथला क्रम तीन गोष्टींवर ठरतो असं गूगल उघड सांगतं: शोधलेल्या गोष्टीशी तुमचं काम किती जुळतं, शोधणाऱ्यापासून तुम्ही किती लांब आहात आणि तुमचं नाव किती झालेलं आहे. अंतर हातात नाही. बाकीच्या दोन आहेत, पण तिथे थेरगावकरांचा वेगळाच घोळ होतो. पत्ता एका ठिकाणी 'डांगे चौकाजवळ', दुसऱ्या ठिकाणी 'सोळा नंबर बसस्टॉपसमोर', जस्टडायलवर जुन्या भाड्याच्या गाळ्याचा, इंडियामार्टवर घरचा, आणि नकाशातली खूण भलत्याच चौकात. यंत्राला हे चार वेगळे धंदे वाटू शकतात. शिवाय कोइमतूरहून शोधणाऱ्याला थेरगाव कुठे ठाऊक असणार? तो 'पुणे' असंच टाइप करणार. म्हणून थेरगाव, चिंचवड, पुणे ४११०३३ हा पूर्ण पत्ता सगळीकडे एकसारखा हवा. मात्र दुकानाच्या नावातच 'बेस्ट इन पुणे' घुसडू नये. पाटीवर नाही ते नाव प्रोफाइलवर लावणं नियमाबाहेर आहे आणि त्यापायी नोंद बंदही होते. गिऱ्हाइकाला अभिप्राय लिहायला सांगायला हरकत नाही. त्याबदल्यात सवलत देणं मात्र गूगलला चालत नाही.

उरली मराठी. आपल्या भाषेची पानं कित्येक वर्षं गूगलला दिसलीच नाहीत, याला कारण आपणच. इंटरनेट आलं तेव्हा मराठी वृत्तपत्रं आणि संस्था श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी अशा फॉन्टांत मजकूर बसवत. पडद्यावर सुरेख मराठी दिसे, पण फाइलच्या आत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता काला असे. शोधयंत्र आतलं वाचतं, त्यामुळे 'चिंचवड' शोधणाऱ्याला त्या पानाचा पत्ता लागणं अशक्य होतं. युनिकोड रुळलं तसा हा प्रश्न बराच सुटला. तरी पतसंस्थांचे अहवाल, सोसायट्यांची परिपत्रकं, शाळांच्या सूचना जुन्या फॉन्टच्या पीडीएफमध्ये किंवा शिक्क्यासकट स्कॅन करून आजही चढवल्या जातात. २०१९च्या अखेरीस गूगलने वाक्याचा रोख ओळखणारी बर्ट ही प्रणाली सत्तरहून अधिक भाषांत लागू केली, त्यात मराठीही होती. म्हणजे समजून घ्यायला यंत्र तयार आहे, पण वाचायला चांगली मराठी पानं थोडी आहेत. 'मणक्याच्या ऑपरेशननंतर किती दिवस विश्रांती' किंवा 'बोअरची मोटर सारखी का जळते' असं मराठीत शोधून बघा. इंग्रजीत ज्या शब्दासाठी शेकडो स्पर्धक झुंजतात, तिथे मराठीत मैदान जवळजवळ मोकळं सापडतं. आपल्या भागातल्या दवाखान्यांनी आणि मोटर रिवाइंडिंगवाल्यांनी हे अजून मनावर घेतलेलं नाही.

२०२४च्या ऑगस्टपासून भारतात गूगल काही प्रश्नांना वरच एआयने जुळवलेलं उत्तर देऊ लागलं आहे. त्यामुळे खालच्या दुव्यांवर जाणाऱ्यांचं प्रमाण घटतंय अशी संकेतस्थळवाल्यांची ओरड आहे आणि ती अनाठायी नाही. सामान्य माहिती देणाऱ्या पानांना याचा फटका बसणारच. पण ईएन-२४चे पन्नास नग शुक्रवारपर्यंत कोण करून देईल, याचं उत्तर यंत्रालाही कोणाच्या तरी पानावरूनच घ्यावं लागतं.

तेव्हा पुढचा फोन आला की समोरच्याला तीनच प्रश्न विचारा. सर्च कन्सोल माझ्या नावावर करून देणार का? दुवे कुठून आणणार, त्या साइटची नावं आधी देणार का? आणि माझं यंत्र बघायला शेडवर कधी येणार? गूगल बिझनेस प्रोफाइल नोंदवायला एक रुपयाही लागत नाही. 'गूगलकडून बोलतोय, नोंदणीचे पैसे भरा' असं कोणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.