सकाळी शस्त्रक्रिया, संध्याकाळी घरी: ब्रिटनमधील पालकांच्या भूमिकेचा मागोवा

मुलावर सकाळी शस्त्रक्रिया करून संध्याकाळी त्याला घरी पाठवण्याची पद्धत ब्रिटनमध्ये शंभर वर्षांहून जुनी आहे. ग्लासगोचे शल्यविशारद जेम्स निकॉल यांनी 1909 मध्ये दहा वर्षांतील 8,988 शस्त्रक्रियांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हर्निया, दुभंगलेला ओठ, वाकडे पाऊल अशा कारणांसाठी आलेल्या या मुलांपैकी जवळपास निम्मी तीन वर्षांखालची होती. तान्ह्या बाळाला आईपासून तोडू नये, असे निकॉल यांचे ठाम मत होते. मात्र मुलाला आईच्या कडेवर देऊन ते मोकळे होत नसत; घरी परिचारिका जात असत. गरीब वस्तीतल्या आयांनी या पद्धतीवर विश्वास ठेवला तो या आधारामुळे.

पुढच्या चार दशकांत सांगण्यासारखे थोडेच आहे. मुले आठवडेच्या आठवडे रुग्णालयात राहत आणि भेटीच्या ठरावीक वेळा पालक निमूटपणे पाळत. रुग्णालयात आईविना राहणाऱ्या मुलावरचा जेम्स रॉबर्टसन यांचा 1952 चा चित्रपट आणि रुग्णालयातल्या मुलांच्या हिताविषयीचा 1959 चा प्लॅट अहवाल यांनी ही शिस्त हादरवली. 1961 पासून तर आयाच संघटित होऊन मुलाजवळ राहण्याचा हक्क मागू लागल्या.

एका दिवसाच्या शस्त्रक्रियेतला खरा बदल 1990 च्या दशकातला. प्रोपोफॉल या भुलेच्या औषधामुळे मुले लवकर शुद्धीवर येऊ लागली, घशात बसवायच्या लॅरिंजियल मास्कमुळे भूल देणे सुटसुटीत झाले, सुईआधी कातडी बधिर करणारे मलम आले. 1991 च्या ‘जस्ट फॉर द डे’ या अहवालाने 12 निकष घालून दिले: मुलांना प्रौढांसोबत ठेवू नये, पालकांना आधीच लेखी माहिती द्यावी, घरी गेल्यावर परिचारिकेची मदत मिळावी. मूल झोपेपर्यंत आईवडील भुलेच्या खोलीत थांबू लागले. मुलाला रात्री स्वतःचे अंथरूण मिळते, धाकट्या भावंडांची आबाळ होत नाही, म्हणून बहुतेकांनी ही पद्धत मनापासून स्वीकारली.

पालकांचे दुखणे घरी पोहोचल्यावर सुरू होई. पालक वेदनाशामक औषध ठरल्यापेक्षा कमी देतात, असा ठपका तेव्हा वारंवार ठेवला गेला. तो अन्यायाचा होता. औषधाची सवय लागेल ही त्यांची धास्ती दूर करण्याची वेळ कोणाजवळ होती? सूचना मिळत त्या निघण्याच्या घाईत. टॉन्सिल काढल्यावर घसा पहिल्या दिवसापेक्षा पुढच्या काही दिवसांत जास्त दुखू शकतो, आठवड्याने रक्तस्रावही होऊ शकतो. म्हणजे पालकांची काळजी वैद्यकीयदृष्ट्या रास्त होती. औषधाबाबतची शंकाही पोकळ नव्हती: टॉन्सिलनंतर मुलांना सर्रास दिले जाणारे कोडीन काहींच्या जिवावर बेतल्यामुळे 2013 मध्ये बारा वर्षांखालच्या मुलांसाठी बंद झाले.

अशा शस्त्रक्रियेसाठी मुलांच्या निवडीच्या अटीही पालकांवरच भार टाकणाऱ्या ठरल्या. घरी फोन असावा, गाडीची सोय असावी, घर रुग्णालयापासून तासाभराच्या अंतरात असावे. निकॉल यांच्याकडे येणाऱ्या कितीतरी आया या चाळणीतून गळल्या असत्या.

खाट वाचते, खर्च वाचतो, हा हिशेब व्यवस्थापनाने चटकन उचलला; 1991 च्या निकषांतली घरभेट मात्र अनेक ठिकाणी दुसऱ्या दिवशीच्या फोनवर आली. 2020 च्या साथीनंतर मुलांच्या शस्त्रक्रियांची प्रतीक्षा लांबली आहे. कानात बसवायच्या ग्रॉमेट या छोट्या नळीसाठी किंवा टॉन्सिलसाठी महिनोन्महिने थांबलेले पालक मिळेल ती तारीख घेतात आणि घरी कोण येणार, हे विचारायलाही कचरतात. अशा होकाराची नोंद समाधानी पालक म्हणून करणे चुकीचे आहे.