थेंबाचा ताण थेंबातच मोजायचा

ढगातला प्रत्येक थेंब कुठल्या तरी कणाभोवती जन्माला येतो. समुद्राचं मीठ, धूर, धूळ, काहीही चालतं. पण बारीक कणावर पाणी साठू लागलं की पृष्ठताण आडवा येतो. थेंब जितका लहान तितका त्याचा पृष्ठभाग अधिक वाकलेला, आणि वाकलेल्या पृष्ठभागावरून पाण्याचे रेणू सहज निसटतात. विरघळलेलं मीठ मात्र त्यांना धरून ठेवतं. या ओढाताणीचं गणित मांडणारा स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ हिल्डिंग कोहलर यांचा १९३६ सालचा शोधनिबंध आजही ढगांच्या अभ्यासाचा पाया आहे. शुद्ध पाण्याचा पृष्ठताण २५ अंश सेल्सिअसला ७२ मिलिन्यूटन प्रति मीटर असतो. तो ५० वर आला आणि बाकी सगळं तसंच राहिलं, तर थेंब वाढीला लागायला हवेत जी जादा वाफ लागते, तिची गरज सुमारे ४० टक्क्यांनी घटते.

ताण उतरवणारी साबणासारखी सेंद्रिय द्रव्यं हवेतल्या कणांत असतातच. मग धुक्याचं पाणी बाटलीत गोळा करून, त्यात प्लॅटिनमची पातळ पट्टी बुडवून ताण मोजला, तर काय बिघडलं?

बिघडतं ते असं. एक लिटर पाण्याचे ८ मायक्रोमीटर त्रिज्येचे थेंब केले, तर त्यांचा एकूण पृष्ठभाग ३७५ चौरस मीटर भरतो, म्हणजे चार हजार चौरस फुटांचं घर. साबणाचे रेणू पृष्ठभागाकडे धावतात, पण एवढा पृष्ठभाग झाकायला ते पुरतच नाहीत. थेंबाचं पोट रिकामं होतं आणि तरी वरचा थर विरळच राहतो. म्हणून बाटलीतला आकडा थेंबाला लावता येत नाही.

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल विद्यापीठात जोनाथन रीड आणि ब्रायन ब्झडेक यांच्या गटानं यावर काढलेली युक्ती मला फार आवडते. लेझरच्या चिमट्यांत (या चिमट्याबद्दल आर्थर ॲश्किन यांना २०१८ चं नोबेल मिळालं) दोन थेंब हवेत अधांतरी धरायचे, जवळ आणायचे आणि एकमेकांत मिसळू द्यायचे. एकरूप झालेला थेंब लांबट, चपटा, पुन्हा लांबट असा थरथरतो. ८ मायक्रोमीटर त्रिज्येचा पाण्याचा थेंब सेकंदाला सुमारे १ लाख ७० हजार वेळा थरथरतो, आणि सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाच्या आत शांतही होतो. तेवढ्यात त्याच्यावरून परतणाऱ्या प्रकाशाची चढउतार टिपून घ्यायची. ताण जास्त तर थरथर जलद. हे सूत्र लॉर्ड रॅले यांनी १८७९ मध्येच देऊन ठेवलं होतं.

खरी मेख त्रिज्येत आहे. सूत्रात तिचा घन येतो, त्यामुळे त्रिज्येत एक टक्का चूक झाली की ताणात तीन टक्के होते. इथे रामन प्रकाश, म्हणजे थेंबातल्या रेणूंवरून तरंगलांबी बदलून विखुरलेला लेझरचा प्रकाश, मदतीला येतो. विजापूरच्या गोलघुमटात कुजबुज भिंतीला धरून फिरते, तसा हा प्रकाश थेंबाच्या आतल्या कडेनं फिरतो आणि ठरावीक तरंगलांबींनाच उजळतो. त्यावरून त्रिज्या काही नॅनोमीटरपर्यंत अचूक कळते. २०२० साली याच पद्धतीनं या गटानं दाखवून दिलं की साबणयुक्त थेंबांचा ताण तितक्याच तीव्रतेच्या बाटलीतल्या द्रावणापेक्षा जास्त असू शकतो.

पाकासारखे दाट थेंब मात्र थरथरतच नाहीत. ते संथपणे एकमेकांत सरकतात. अशा वेळी केवळ त्यांची श्यानता कळते. शिवाय ढग धरणारे बहुतेक कण १०० नॅनोमीटरच्या आसपासचे, लेझरच्या पकडीत येण्याजोगे नाहीत. त्यांना काचेसारख्या पृष्ठावर बसवून अतिसूक्ष्म सुईनं टोचून ताण मोजतात, पण मग तो थेंब हवेतला राहत नाही.

महाबळेश्वरला पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची प्रयोगशाळा आहे. किती जादा वाफेला किती कणांचे थेंब होतात, हे तिथे मोजलं जातं. अशा मोजणीतून कणाचा पाणी ओढण्याचा गुण काढताना ताण ७२ धरायची जगभर पद्धत आहे. सोयीसाठी ते ठीक, पण सेंद्रिय द्रव्यांनी भरलेल्या धुरकट हवेसाठी तो आकडा मोजल्याशिवाय वापरू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.