अडीनडीची पोर्तुगीज वाक्ये

गेल्या महिन्यात नंदाखालच्या एक मावशी तपासणीला आल्या होत्या. मुलगी लिस्बनला, तिचे पहिले बाळंतपण, म्हणून मावशी सहा महिन्यांसाठी निघालेल्या. मधुमेहाच्या गोळ्या, सुंठ, डिंक, सारे बांधून झाले होते. मी सहज विचारले, "जावई कामावर गेलेत आणि मुलीला काही झाले, तर कोणाला काय सांगाल?" त्या म्हणाल्या, "डॉक्टर, मला तिथली भाषा कुठे येते?"

परदेशी लेकीकडे जाणाऱ्या बहुतेक आयांचे हेच उत्तर असते. माझे म्हणणे असे, की भाषा येण्याची गरज नाही. आठ-दहा वाक्ये मात्र पाठ हवीत. घाबरलेल्या माणसाला विचार करून वाक्य जुळवता येत नाही. घोकलेले तेवढेच तोंडून निघते. मोबाईल भाषांतर करून देतो हे खरे, पण २८ एप्रिल २०२५ रोजी पोर्तुगाल आणि स्पेन या दोन्ही देशांची वीज एकदमच गेली. लिस्बनची मेट्रो थांबली, फोन धड लागेनात. जुलै २०१८ च्या पावसात वसई-विरार पाण्यात असताना मोबाईल चार्ज करायला आपण कुठे कुठे फिरलो, ते आठवा म्हणजे पटेल.

मी काही वर्षे गोव्यात होतो, तेव्हा कानावर पडलेली थोडी पोर्तुगीज माझ्याजवळ आहे. त्या जोरावर मावशींना म्हटले, यातले बरेच शब्द तुमच्या मोरीतच आहेत. १५३४ ते १७३९ अशी दोनशे वर्षे पोर्तुगीज वसईत होते. बादली, पिंप, घमेले, साबण, चावी, पाव हे शब्द त्यांचेच. संकटासाठी घरात काय काढून ठेवावे, याची निम्मी यादी त्यातच झाली! इस्पितळही त्यांचेच; तिकडे त्याला 'ऑश्पिताल' म्हणतात. आगीच्या बंबातला 'बंब' म्हणजे त्यांचा 'बोंबा'. अग्निशमन दलाचे जवान ते 'बोंबेइरुश'. हा शब्द अवश्य लक्षात ठेवावा, कारण पोर्तुगालमध्ये पुष्कळ ठिकाणी रुग्णवाहिका हेच लोक चालवतात. दारात अग्निशमन दलाची गाडी आली म्हणून तिला परत पाठवू नये.

एक शब्द मात्र फसवा आहे. 'आग्वा' म्हणजे आग नव्हे, पाणी. जहाजे जिथे गोडे पाणी भरून घेत, तो गोव्याचा आग्वाद किल्ला. आगीला 'फोगु' म्हणतात. घरात धूर झाला आणि आपण "आग, आग" ओरडलो, तर शेजारीण पाण्याचा तांब्या घेऊन येईल.

आता वाक्ये. "सुकोर्रु" म्हणजे धावा, मदत करा. "प्रसीझु द उमा आंबुलांसिया", मला रुग्णवाहिका हवी आहे. यातला झ 'माझा'मधला. त्यानंतर लगेच पत्ता: "अ मुरादा ॲ" म्हणून पुढे रस्ता, घर क्रमांक आणि मजला. फोन मध्येच तुटला तरी गाडी निघते, म्हणून पत्ता आधी, आजार मागून. "अ मिन्या फील्या श्ता आ सांग्रार मुइंतु", माझ्या मुलीला फार रक्तस्राव होतो आहे. "उ बॅबॅ नांव रश्पीरा बांय", बाळाला नीट श्वास घेता येत नाही. "सो दियाबॅतिका", मला मधुमेह आहे. पुरुषाने 'दियाबॅतिकु' म्हणावे. आणि गाडे अडलेच, तर "नांव फालु पुर्तुगेश", मला पोर्तुगीज येत नाही. उच्चार थोडा चुकला तरी समोरच्याला कळते. रोज भांडी घासताना मोठ्याने म्हणावीत. मनातल्या मनात म्हटलेली वाक्ये ऐनवेळी दगा देतात.

बाळंतिणीचा अतिरक्तस्राव, झटके, किंवा तीव्र डोकेदुखीबरोबर डोळ्यांपुढे अंधारी, यांपैकी काहीही दिसले तर जावयाची वाट पाहू नये. घरगुती उपाय करीत बसू नये. सरळ फोन करावा.

औषधांचेही असेच. आपल्याकडची कंपनीची नावे तिथे कोणाला ठाऊक नसतात. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव हवे. मेटफॉर्मिनला ते 'मेटफॉर्मीना' म्हणतील, इन्सुलिनला 'इन्सुलीना'. इतका फरक कोणालाही कळतो. पेनिसिलिन चालत नसेल तर तेही ठळक लिहून घ्यावे.

राहिली भेटायची जागा, 'पोंतु द एंकोंत्रु'. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, लिस्बनला मोठा भूकंप झाला. पुष्कळ लोक चर्चमध्ये होते. पेटत्या मेणबत्त्या आणि चुलींमुळे आगी लागल्या, आणि मोकळी जागा म्हणून पाण्याच्या काठी धावलेल्यांवर समुद्राच्या लाटा आल्या. आजही तिथे दरवर्षी भूकंपाची रंगीत तालीम होते. तिचे तीन शब्द, 'बाइशार, प्रुतजेर, अग्वर्दार': खाली बसा, डोके झाका, थांबा. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे धक्के बसत आले आहेत, तेव्हा हे इथेही उपयोगी आहे. भेटायची जागा घराजवळची, पण उंचावरची असावी. ती निघण्यापूर्वीच लेकीशी फोनवर, आपल्या घरच्या बोलीत बोलून ठरवावी. आईला पायी किती चालवते, बाळाला कोण उचलेल, किल्ली कोणाकडे, हे सारे त्यातच बोलून घ्यावे.

तातडीचा क्रमांक तिकडे ११२, आणि आपल्याकडेही आता ११२ चालतो. रुग्णवाहिकेसाठी १०८ आहेच. साध्या तापा-खोकल्यासाठी पोर्तुगालच्या सरकारी आरोग्यसेवेचा सल्ला ८०८ २४ २४ २४ वर मिळतो. दोन्ही क्रमांक मोठ्या अक्षरांत लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवावेत, आणि त्याखाली घराचा पत्ता पोर्तुगीजमध्ये लेकीकडूनच लिहून घ्यावा.