बॅटरी बदलण्याआधी मीटर लावा

सकाळी चावी फिरवावी, ‘टक्’ एवढाच आवाज यावा, डॅशबोर्डवरचे दिवे मंदावावेत आणि गाडीने सेल्फच घेऊ नये. प्रीमियर पद्मिनी किंवा कार्ब्युरेटरवाली मारुती ८०० बाळगणाऱ्यांकडे यावर निकाल ठरलेला असतो: बॅटरी गेली. हा निकाल अनेकदा घाईचा ठरतो. बॅटरी वीज तयार करत नाही, नुसती साठवते. ती उतरली, तर अल्टरनेटर तिला भरत नसेल, एखादा जोड गंजला असेल, किंवा गाडी बंद असताना काहीतरी करंट ओढत असेल. नवी बॅटरी चार्ज होऊनच येते, म्हणून अल्टरनेटर बंद पडलेला असला तरी गाडी थोडे दिवस चालते आणि निदान बरोबर होते असे वाटते. मग गाडी पुन्हा उभी राहते, आणि पूर्ण उतरल्याने नव्या बॅटरीचेही आयुष्य घटते.

काही शे रुपयांचा मल्टिमीटर हा घोळ मिटवतो. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना आकडा १३.८ ते १४.५ पर्यंत चढायला हवा. चढला नाही, तर आधी फॅनबेल्ट दाबून पाहावा. मग चावी ऑन करून बॅटरीचा लाल दिवा लागतो का तेही बघावे, कारण बऱ्याच जुन्या गाड्यांत त्या बल्बमधूनच अल्टरनेटरला सुरुवातीचा करंट मिळतो. बल्ब उडाला तर चांगला अल्टरनेटरही चार्जिंग सुरू करत नाही. आकडे ठीक असूनही सेल्फ रेंगाळत असेल, तर अर्थिंगची पट्टी तपासावी. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे सेल्फने ओढलेला शंभराहून अधिक अँपियर करंट त्या पट्टीतूनच परतायचा असतो. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर ठेवून सेल्फ मारावा. अर्धा व्होल्ट दिसला तर पट्टी काढून दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासावीत. खर्च जवळजवळ शून्य.

मिस्त्रीचा अनुभव मीटरपेक्षा मोठा, असे कोणी म्हणेल. अनुभवाचे मोल आहेच, पण तो ज्या गाडीवर मिळाला त्या गाडीपुरता. चालू इंजिनवर बॅटरीचे टर्मिनल काढून चार्जिंग बघण्याची युक्ती डायनामोच्या काळात खपून जायची. अल्टरनेटरचे डायोड मात्र तेव्हा उसळणाऱ्या व्होल्टेजने जळू शकतात. सेल्फ जोरात फिरूनही इंजिन पकडत नसेल, तरी भाग बदलण्याआधी मूळ कारण शोधायचे, हाच विचार लागू पडतो. पॉइंट उघडताच कॉइलमधला करंट तुटतो आणि त्या झटक्यात प्लगसाठी हजारो व्होल्ट तयार होतात. कंडेन्सर खराब झाला की पॉइंटवरच ठिणगी उडते आणि तो काळा पडतो. नुसता पॉइंट बदलला, तर नवाही तसाच जळतो.

गॅरेजमध्ये कोणी बॅटरी बदला म्हणाले, तर इंजिन चालू असताना किती व्होल्ट येतात, एवढे आधी विचारा.