नाव स्पॅनिश, आडनाव सिंग

कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात कापूस पिकवणाऱ्या अनेक पंजाबी पुरुषांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मेक्सिकन स्त्रियांशी लग्ने केली, ती मुख्यतः कायद्याने दुसरी वाट ठेवली नव्हती म्हणून. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून बायको आणण्याची सोय उरली नाही, आणि आंतरवंशीय विवाहबंदी, म्हणजे गोऱ्यांनी ठरावीक अन्य वंशांत लग्न करू नये हा नियम, राज्यात १९४८ पर्यंत होता. तरी वधूवरांचा वर्ण सारखाच सावळा दिसला की नोंदणी कारकून परवाना देऊन मोकळा होई.

या घरांतली मुले आईबरोबर चर्चमध्ये जात, स्पॅनिश बोलत, पोळी आणि टॉर्टिया दोन्ही खात, आणि बाप्तिस्म्याच्या वेळी त्यांचा धर्मपिता म्हणून पुष्कळदा वडिलांचा शेतीतला शीख किंवा मुसलमान भागीदारच उभा राही. हिंदुस्थानातून आलेल्या कोणालाही तेथे ‘हिंदू’ म्हणत असल्याने ही मुले ‘मेक्सिकन-हिंदू’ ठरली. बापाची भाषा त्यांना क्वचितच आली. पण १९२३ मध्ये भगतसिंग थिंद खटल्यात हिंदुस्थानी लोक नागरिकत्वास अपात्र ठरल्यावर आणि पर्यायाने जमीनमालकीलाही मुकल्यावर, जन्माने नागरिक असलेल्या मुलांच्या नावावर काहींनी जमिनी घेतल्या. ओळख अशी सातबाऱ्यावरूनही घडते, हे मानसशास्त्राच्या पुस्तकांत सहसा सापडत नाही.

समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट पार्क यांनी १९२८ मध्ये मांडलेली ‘सीमांत माणूस’ ही संकल्पना, म्हणजे दोन समाजांच्या कडेला उभा असून कोणत्याच समाजात न सामावलेला माणूस, या मुलांना अर्धीच लागू पडते. शाळेत इतर मुले त्यांना हिणवीत हे खरे, परंतु कॅरन लिओनार्ड यांच्या १९९२ च्या ग्रंथातून दिसते ते दोन्ही वारसे बाळगणारे आणि वडिलांचा अभिमान सांगणारे कुटुंबजीवन. त्यांच्या ओळखीवर खरा आक्षेप आला तो बापाच्याच मुलखातून. १९६५ नंतर स्थलांतराचे नियम सैल होऊन उत्तरेकडच्या युबा सिटीत बायकामुलांसह नवे पंजाबी आले, आणि त्यांना ही पंजाबी न येणारी कॅथलिक मंडळी आपली वाटेनात. उलट या मंडळींनी स्वतःला ‘हिंदू’ म्हणवणे सोडले नाही आणि सत्तरच्या दशकात जुन्या कुटुंबांचा वेगळा नृत्यमेळावा भरवायला सुरुवात केली.