हातातील संगणक, दिवसाचा हिशेब

नागापूर (अहिल्यानगर) : नगर-मनमाड रस्त्यावर नागापूरची औद्योगिक वसाहत आहे. कारखान्यांच्या आधाराने अशा वसाहतींभोवती चहाच्या टपऱ्या, खानावळी, किराणा आणि पंक्चरची दुकाने उभी राहतात. गल्ल्यातील पन्नास-शंभर रुपये रोज पिग्मी एजंटाच्या हाती देऊन बचत करणारा वर्ग हाच. एजंट खाते क्रमांक दाबतो, रक्कम टाकतो आणि हातातील यंत्रातून पावती बाहेर येते. व्यवहार अर्ध्या मिनिटात आटोपतो. पण त्यामागे हातात मावणाऱ्या संगणकाचा चार दशकांचा इतिहास आहे.

ब्रिटनमधील सायॉन कंपनीने १९८४ मध्ये 'ऑर्गनायझर' बाजारात आणला. त्याच्या पडद्यावर एका ओळीत जेमतेम १६ अक्षरे दिसत आणि कामचलाऊ स्मृती दोन किलोबाइटची होती. १९९१ मध्ये ह्यूलेट-पॅकार्डने दोन पेन्सिल सेलवर चालणारा आणि 'लोटस' हा हिशेबाचा तक्ता असलेला खिशातील संगणक दिला. १९९६ मध्ये 'पायलट' आला. पुढे 'पाम' या नावाने ही यंत्रे घरोघर पोहोचली. दिवसभराच्या नोंदी टेबलावरील संगणकाशी एक कळ दाबून जुळवून घेण्याची सोय हे त्याचे वैशिष्ट्य होते. बाहेर नोंद करावी, परतल्यावर मुख्य वहीशी जुळवावी, ही त्यामागील कल्पना. फिरतीच्या कामाला नेमके हेच हवे होते.

पिग्मीची पावती

दारोदार जाऊन रोजची बचत गोळा करण्याची पिग्मी योजना १९२८ मध्ये कर्नाटकातील कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेटने, म्हणजे नंतरच्या सिंडिकेट बँकेने सुरू केली. अनेक दशके तिचा कारभार कार्डावरील सहीवर चालला. एजंटाने कार्डावर एक रक्कम लिहावी आणि शाखेत दुसरीच भरावी, ही त्यातील फट होती.

यंत्राने ती बरीचशी बुजवली. सकाळी शाखेच्या संगणकातून खात्यांची यादी आणि शिल्लक यंत्रात भरली जाते. दिवसभरात प्रत्येक भरण्याला क्रमांक, तारीख आणि वेळ मिळते. छापलेली नोंद एजंटाला परस्पर खोडता येऊ नये, अशी रचना असते. सायंकाळी नोंदी शाखेत उतरवल्या, की जमा रोकड आणि यंत्रातील बेरीज जुळवून पाहिली जाते.

तिकिटांचा ट्रे गेला

एसटीची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर अशी धावली. तेव्हापासून अनेक दशके वाहकाच्या हाती छापील तिकिटांचा ट्रे आणि पंच असे. तिकिटांचे अनुक्रमांक वेबिलात टिपणे आणि फेरी संपल्यावर रोकड जुळवणे हे त्याचे रोजचे काम. हिशेबात तूट आली, तर ती वाहकाच्या अंगावर येई.

२०१० च्या सुमारास तिकिटाचे इलेक्ट्रॉनिक यंत्र वाहकांच्या हाती आले. एसटीचे भाडे सहा किलोमीटरच्या टप्प्यावर ठरते. चढण्याचे आणि उतरण्याचे ठिकाण निवडले, की यंत्र टप्पे मोजून भाडे काढते आणि वेबिलाची बेरीजही करते. ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना मोफत प्रवास मिळाला, तर मार्च २०२३ मध्ये महिलांना निम्म्या भाड्याची सवलत मिळाली. अशा वेळी यंत्रातील दरपत्रक बदलले, की काम भागते. मोफत प्रवासाचेही तिकीट छापले जाते, कारण सवलतीची भरपाई शासनाकडून घ्यायची, तर प्रवाशांची मोजदाद हवी.

सिम्प्युटरचा धडा

याच काळात भारतात मोठा प्रयोग झाला. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापक आणि एन्कोर या कंपनीतील अभियंत्यांनी 'सिम्प्युटर' घडवला. २००१ मध्ये त्याचा नमुना दाखवण्यात आला. २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सच्या साहाय्याने 'अमिडा सिम्प्युटर' विक्रीस आला. गावाने एक यंत्र घ्यावे, प्रत्येकाने स्वतःचे स्मार्ट कार्ड वापरावे आणि वाचता न येणाऱ्याला यंत्राने मजकूर ऐकवावा, अशी योजना होती. मात्र साधारण १० हजार रुपयांपासून सुरू होणारी किंमत आणि झपाट्याने स्वस्त होणारे भ्रमणध्वनी यांच्यापुढे तो टिकला नाही.

सर्व कामे करू पाहणारे यंत्र मागे पडले आणि एकच काम करणारे टिकले. पिग्मी आणि तिकिटाच्या जुन्या यंत्रांना जाड कळा होत्या. गर्दीत न पाहताही त्या दाबता येत. बॅटरी दीर्घकाळ टिके. मुख्य म्हणजे, नेटवर्क नसले तरी नोंद अडत नसे. आता अनेक ठिकाणी ही कामे अँड्रॉइड यंत्रांवर आणि भ्रमणध्वनीवर होतात. त्यामुळे क्यूआर कोडने पैसे देणे आणि तत्काळ संदेश मिळणे शक्य झाले. तरीही नेटवर्क नसताना नोंद राखण्याची जुनी गरज कायम आहे.

ठेवीदाराने काय पाहावे?

यंत्राची पावती बहुधा थर्मल कागदावर छापली जाते. उष्णतेने हा कागद काळवंडतो आणि काही महिन्यांत अक्षरे पुसट होतात. त्यामुळे केवळ पावत्यांवर विसंबू नये. दरमहा पासबुक भरून घ्यावे आणि पावतीवरील शिल्लक त्याच्याशी ताडून पाहावी. यंत्र बंद असल्यास हाती लिहिलेली, सही-शिक्क्याची पावती मागून घ्यावी.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. यंत्र एजंटाच्या हातातील रकमेचा हिशेब ठेवते. संस्थेच्या तिजोरीची हमी देत नाही. बँकांतील ठेवींना प्रत्येक ठेवीदारामागे पाच लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे. सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्था येत नाहीत. तेव्हा पावती नीट जपावी आणि ती देणाऱ्या संस्थेचा वार्षिक ताळेबंदही पाहावा. रोजच्या पन्नास रुपयांची वर्षअखेर १८ हजारांवर रक्कम होते. टपरीवाल्याच्या घरी मुलांची फी याच रकमेतून भरली जाते.